ताकदीआधी ताबा

सकाळी नाशिकच्या पंचवटीत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, उभं राहिलं की देवदर्शनाबरोबर माणसांच्या कमरा आणि गुडघेही दिसतात. रामकुंडाच्या पायऱ्या उतरताना साठीपुढचे बरेच जण आधी शेजारच्याचा खांदा शोधतात आणि मगच पाऊल टाकतात. पूजा सांगणारे गुरुजी तासन्‌तास मांडी घालून, यजमानाकडे झुकून बसलेले असतात. काठावर धुणं आपटणाऱ्या बायका कमरेतून वाकलेल्या. बुधवारच्या बाजारात भाजीवाल्या दिवसभर उकिडव्या. दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात हमालांच्या पाठीवर पोती चढत-उतरत असतात. याच पंचवटीतून सातपूर-अंबडच्या कंपन्यांकडे दुचाकीवर निघणारा तरुण आठ तास मशीनपुढे उभा राहून नाहीतर संगणकापुढे बसून घरी येतो. कामं इतकी वेगळी, पण संध्याकाळची तक्रार एकच: कंबर धरलीय.

ही तक्रार घेऊन फिजिओथेरपिस्टकडे गेलं की व्यायाम सांगितला जातो. उताणे झोपा, गुडघे दुमडा. श्वास सोडताना पोट हलकेच आत घ्या. कंबर उचला, आणि खाली येताना पाठ एकदम टेकवू नका, एकेक मणका करत या. पिलाटिसच्या वर्गात शिरलं तर जवळपास हेच ऐकू येतं. तरीही पिलाटिस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात त्या सिनेतारका, सरकता पलंग आणि पट्ट्यांत अडकवलेले पाय. मुंबईत यास्मिन कराचीवाला, नम्रता पुरोहित यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी हा प्रकार लोकप्रिय केला, आणि तो आपल्यापर्यंत पोचला तोच मोबाइलवरच्या चित्रफितींतून. त्यामुळे हे श्रीमंतांचं खूळ आहे, असा समज झाला.

तालमींच्या गावाला मात्र हा व्यायाम परका वाटायचं कारण नाही. तो आपल्या आखाड्याच्या लांबच्या भावकीतलाच आहे. फरक एवढाच, की तालमीने ज्यांना दाराबाहेर ठेवलं त्यांच्यापासून याने सुरुवात केली.

आजारी पोराची गोष्ट

जोसेफ ह्युबर्टस पिलाटिस यांचा जन्म ९ डिसेंबर १८८३ चा, जर्मनीतल्या म्योन्शेनग्लाडबाखचा. लहानपणी दमा, मुडदूस आणि संधिवाताचा ताप अशी दुखणी त्यांच्यामागे लागलेली होती. या पोराने हट्टाने शरीर कमावलं. जिम्नॅस्टिक्स केलं, मुष्टियुद्ध केलं. त्या काळच्या जर्मनीत व्यायामाचं वातावरणही होतं. फ्रीडरिश लुडविग यान यांनी १८११ मध्ये बर्लिनजवळ खुलं व्यायाम-मैदान सुरू केलं होतं, आणि तिथून आडव्या-समांतर दांड्यांवरच्या कसरतींची लाट देशभर पसरली होती.

१९१२ च्या सुमारास जोसेफ इंग्लंडला गेले. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. आधी लँकेस्टर आणि नंतर आइल ऑफ मॅन बेटावरची नॉकेलो छावणी अशी त्यांची रवानगी झाली. नॉकेलोत वीस हजारांहून जास्त माणसं तारेच्या कुंपणाआड होती. करायला काम नाही, सुटकेची तारीख माहीत नाही. अशा ठिकाणी जोसेफ यांनी बराकीच्या जमिनीवर करता येईल असा व्यायाम बसवला आणि सोबत्यांकडून करून घेतला. जे अंथरुणातून उठू शकत नव्हते त्यांच्या खाटांना त्यांनी स्प्रिंगा जोडल्या आणि पडल्यापडल्या हातपाय हलवायची सोय केली, असं त्यांचे शिष्य सांगत आले. पुढच्या यंत्रांचा उगम तिथेच मानला जातो. छावणीत जोसेफ यांच्याकडे व्यायाम करणारा एकही जण १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने दगावला नाही, अशीही एक कथा आहे. तिला पुरावा नाही, तेव्हा ती भक्तांची कथा म्हणूनच ऐकावी.

युद्धानंतर ते जर्मनीला परतले आणि १९२६ मध्ये अमेरिकेला निघाले. त्याच प्रवासात त्यांना क्लारा भेटल्या आणि पुढे आयुष्यभर दोघांनी मिळून काम केलं. न्यूयॉर्कच्या एट्थ ॲव्हेन्यूवर ९३९ क्रमांकाच्या इमारतीत त्यांची व्यायामशाळा उघडली. आसपास नृत्यशाळा होत्या. जॉर्ज बालान्शिन, मार्था ग्रॅहम यांच्या वर्तुळातले नर्तक दुखावलेले घोटे आणि पाठी घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. रोमाना क्रिझानोव्स्का ही तरुण नर्तकी घोट्याच्या दुखण्यापायी बालान्शिन यांच्यामार्फतच आली आणि पुढे या परंपरेची मोठी गुरू झाली. जोसेफ आपल्या पद्धतीला ‘कॉन्ट्रॉलॉजी’ म्हणत. १९४५ च्या पुस्तकात त्यांनी चटईवरचे ३४ व्यायाम ठरावीक क्रमाने छापले. ९ ऑक्टोबर १९६७ रोजी ते वारले. त्यांचं आडनाव व्यायामाला चिकटलं ते नंतर.

कोठुऱ्याचे बाळंभट

आता गोदावरीच्याच काठाने पंचवटीतून खाली जाऊ. निफाड तालुक्यात कोठुरे लागतं. मल्लखांबाचे आद्यगुरू बाळंभटदादा देवधर इथले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, म्हणजे १७९६ ते १८१८ या दोन दशकांत, निजामाच्या पदरचे अली आणि गुलाब हे दोन पैलवान पुण्यात आले आणि पेशव्यांच्या मल्लांना त्यांनी आव्हान दिलं, अशी परंपरागत कथा आहे. कोवळ्या बाळंभटांनी ते उचललं, थोडी मुदत मागितली आणि थेट वणीचा सप्तशृंगगड गाठला. तिथे मारुतीने दृष्टान्त दिला. झाडाच्या खोडावर खेळणाऱ्या माकडाचे पेच पाहून त्यांनी लाकडी खांबावर सराव केला. परत येऊन त्यांनी गुलाबला लोळवलं, आणि ते पाहून अलीने माघार घेतली.

खांबाच्या व्यायामाचा उल्लेख त्याही आधी, बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त आहे. पण आज आपण पाहतो तो मल्लखांब घडवला बाळंभटांनी. बाजीरावाबरोबर तो ब्रह्मावर्ताला गेला, तिथून काशीला आणि पुढे बडोद्याला पसरला. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये भारतीय व्यायाम दाखवून आला. जोसेफ यांना जर्मनी सोडून तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

गंमत म्हणजे जोसेफ यांच्या कथेतही प्राणी आहे. नॉकेलोच्या उपासमारीतही छावणीतल्या मांजरी लवचिक आणि चपळ कशा, हे पाहून आपल्याला व्यायाम सुचला, असं ते म्हाताऱ्या वयात सांगत. इकडे गडावरची माकडं, तिकडे बेटावरच्या मांजरी. दोघांनीही एकच गोष्ट हेरली होती: प्राण्याची ताकद दंडात नसते, ती धडाच्या मधल्या भागात असते आणि हालचाल तिथूनच निघते.

मल्लखांब करणाऱ्या पोराला हे वेगळं सांगावं लागत नाही. साडेआठेक फुटांचा, एरंडेल चोळलेला गुळगुळीत खांब. त्यावर दसरंग धरायचा, आढी मारायची, पाय सोडून फिरकी घ्यायची. पोट सुटलं की माणूस घसरला. उस्ताद ओरडतो तोही चढताना कमी, उतरताना जास्त. धपकन उतरलास तर व्यायाम झालाच नाही, हा तालमीचा नियम आणि पिलाटिसचाही. स्नायू आखडताना जेवढं काम करतो, तेवढंच ताणला जाताना, भार सावरत परत येताना त्याला करावं लागतं. ताकद सगळेच दाखवतात, ताबा परतीच्या वाटेवर दिसतो.

पंचवटीच्या परिसरात ही व्यायामपरंपरा आणखी मागे जाते. समर्थ रामदासांनी जवळच्या टाकळीला बारा वर्षं तप केलं आणि रोज बाराशे सूर्यनमस्कार घातले, अशी श्रद्धा आहे. सिंहस्थात रामकुंडावर शाही स्नानाला येतात ते वैष्णव आखाडे, आणि लाठी-तलवारीच्या कसरती त्यांच्या मिरवणुकीचा भाग असतात. शक्तीची उपासना इथे मुरलेली आहे. पण ही सगळी शक्ती घडवली ती प्रामुख्याने तरुण, धडधाकट पुरुषाची. दमेकरी मुलगा, बाळंतीण, संधिवाताची आजी यांच्यासाठी तालमीत हौदा नव्हता. दोरीच्या मल्लखांबाने मुलींना वाट करून दिली, तरी दुखणाईत बाहेरच राहिले.

चटईवर नेमकं काय होतं

पिलाटिसचं गणित सहा शब्दांत सांगतात: एकाग्रता, ताबा, मध्य, अचूकपणा, श्वास आणि ओघ. ही यादी शिष्यपरंपरेने १९८० च्या सुमारास मांडली, पण ती जोसेफ यांच्या व्यायामांतूनच निघालेली आहे.

पहिल्या व्यायामाचं नाव ‘हंड्रेड’. उताणं झोपायचं, डोकं आणि खांद्यांचा वरचा भाग उचलायचा, पाय तिरके हवेत. हात शरीराच्या बाजूला ताठ ठेवून वर-खाली झपाझप हलवायचे. पाच ठोक्यांत श्वास घ्यायचा, पाच ठोक्यांत सोडायचा. असे दहा फेरे झाले की शंभर. वाचताना सोपं वाटतं, चाळिसाव्या ठोक्याला पोट थरथरू लागतं. नवख्याने डोकं खाली आणि पाय दुमडून ठेवूनच सुरुवात करावी.

पुढे ‘रोल-अप’ येतो: झोपलेल्या स्थितीतून एकेक मणका उचलत बसायचं आणि तसंच परत जायचं. ‘टीझर’ पाहिला की योग केलेल्या माणसाला नौकासन आठवतं, ‘स्वान’ पाहिला की भुजंगासन. फरक असा, की आसनात आपण स्थिरावतो, श्वास मोजतो. इथे थांबणं कमी. एक हालचाल दुसरीत मिसळते आणि आवर्तनं थोडी असतात, पाच ते दहा. एकही उरकून टाकायचं नाही. श्वासही निराळा आहे. प्राणायामाच्या सुरुवातीला आपण पोट फुगवून श्वास घ्यायला शिकतो. इथे पोट हलकेच धरून ठेवायचं आणि बरगड्या बाजूंना व पाठीकडे रुंदावत श्वास घ्यायचा. योगवर्गातून येणाऱ्यांना पहिले काही दिवस हेच जड जातं.

पोट धरायचं म्हणजे श्वास कोंडून आत ओढायचं नाही. पोटाच्या सगळ्यांत आतल्या थरात एक आडवा स्नायू आहे. तो कमरबंदासारखा धडाला वेढून मागे पाठीकडे जातो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की निरोगी माणूस नुसता हात उचलतो तेव्हाही हा स्नायू हाताच्या आधी कामाला लागतो. कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा जागा होतो. या एकाच स्नायूवर सगळी भिस्त ठेवावी का, यावर पुढे अभ्यासकांत बरेच मतभेद झाले. पण धडाचे आतले स्नायू वेळेवर आणि एकमेकांना धरून चालले पाहिजेत, हे जोसेफ यांचं सूत्र फिजिओथेरपीने उचललं.

यंत्रांचंही तेच. ‘रिफॉर्मर’ म्हणजे लाकडी किंवा धातूची लांबट चौकट. तिच्यात रुळांवर सरकणारी गादी, टोकाला स्प्रिंगा, हातापायांत अडकवायचे पट्टे. स्प्रिंग जितकी ताणावी तितका तिचा विरोध वाढतो, आणि परत येताना ती आपल्याला खेचते. तिला अडवत यायचं. जिममधल्या वजनापेक्षा इथे एक उलटी गोष्ट घडते. काही व्यायामांत स्प्रिंगा कमी केल्या की काम अवघड होतं, कारण आधार जातो आणि गादी स्थिर ठेवायची जबाबदारी पोटावर येते. मात्र जोसेफ यांची मूळ पोथी चटईचीच. यंत्र हे दुबळ्या शरीराला मिळालेला आधार आहे. ते परवडत नाही म्हणून पिलाटिस आपल्यासाठी नाही, हा हिशेब चुकीचा ठरतो.

फायदा किती, कशाचा

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात ६१.९ कोटी माणसांना कंबरदुखी होती. पिलाटिसचा सर्वाधिक अभ्यास याच दुखण्यावर झाला आहे. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये १० चाचण्या आणि त्यांतले ५१० रुग्ण तपासले. काहीच न करण्यापेक्षा किंवा जुजबी उपचारापेक्षा पिलाटिसने वेदना आणि अडचण कमी होते, असं त्यातून दिसलं. इतर व्यायामांपेक्षा तो सरस आहे, असा ठोस पुरावा मात्र मिळाला नाही.

हा निष्कर्ष जाहिरातदाराला निराश करील, पंचवटीतल्या माणसाला नाही. त्याचा सरळ अर्थ असा, की कंबर दुखत असेल तर हलायला हवं, आणि जो व्यायाम नेमाने होईल तो चांगला. पिलाटिसची जमेची बाजू ही, की तो झोपून सुरू होतो. ज्याला उभं राहून सूर्यनमस्कार झेपत नाही, वाकताना भीती वाटते, त्याच्या पाठीला चटईचा आधार मिळतो. बसण्या-उठण्याची ढब सुधारणं, सांधे मोकळे होणं, उतारवयात तोल सावरणं आणि बाळंतपणानंतर पोटाचे व ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पुन्हा कामाला लावणं, यांसाठीही तो वापरला जातो.

काही गोष्टी त्याच्याकडून मागू नयेत. वजन झपाट्याने उतरत नाही. हृदय-फुप्फुसांना लागणारी धाप चटईवर पुरेशी लागत नाही. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पिलाटिस दुसऱ्या खात्यात जमा होतो. पहिल्या खात्यासाठी तपोवनापर्यंत झपाझप चालून यावं.

जपायला हवं ते

सगळ्यांत महत्त्वाचा इशारा ठिसूळ हाडांचा. मेयो क्लिनिकमध्ये मेहरशीद सिनाकी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये रजोनिवृत्तीनंतर हाडं विरळ झालेल्या ५९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींत मणक्यांची नवी मोड आढळली. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ८९ टक्के होतं. अभ्यास छोटा, पण धडा मोठा. पिलाटिसचे बरेच नावाजलेले व्यायाम पुढे गोल होण्याचे आहेत. तेव्हा साठीच्या बाईंना मोबाइलवर पाहून ‘रोल-अप’ करायला लावणं धोक्याचं आहे. त्यांच्यासाठी पालथं झोपून छाती उचलणं, कुशीवर पाय उचलणं, भिंतीला टेकून सरळ उभं राहणं असे प्रकार निवडता येतात. गरोदरपणात पहिल्या तिमाहीनंतर फार वेळ उताणं झोपायचे व्यायाम टाळतात. पायात मुंग्या, बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं अशी लक्षणं असतील तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं.

शिकवणारा कोण, हेही विचारावं. पिलाटिस हे नाव कुणाच्या मालकीचं आहे यावर अमेरिकेत खटला चालला. २००० मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने हा सर्वसामान्य शब्द ठरवला. त्यामुळे व्यायाम जगभर पसरला, आणि त्याचबरोबर दोन दिवसांचं शिबिर करून आलेल्यालाही फलक लावता येऊ लागला. चांगल्या संस्थांचं पूर्ण प्रशिक्षण काही शे तासांचं असतं. किती तास शिकलात, कुठे, माझ्या दुखण्याबद्दल काय माहीत आहे, हे विचारायला संकोच नको. दुखणं घेऊन जाणार असाल तर महाराष्ट्राच्या फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी असलेला फिजिओथेरपिस्ट गाठावा.

‘आपला योग असताना हे कशाला?’ हा प्रश्नही येणारच. उत्तर पुण्यात आहे. १९१८ मध्ये जन्मलेले बी. के. एस. अय्यंगार लहानपणी क्षय, हिवताप, विषमज्वर यांनी पोखरलेले होते. १९३७ मध्ये ते पुण्यात आले आणि खुर्ची, दोर, लाकडी ठोकळे यांच्या आधाराने त्यांनी आसनं आजाऱ्यांच्या आवाक्यात आणली. जोसेफ यांची स्प्रिंगांची खाट आणि अय्यंगारांची खुर्ची ही एकाच अनुभवातून आलेली साधनं आहेत: शरीराने ज्यांना आधी छळलं, त्यांनीच दुसऱ्याच्या दुबळेपणाला जागा करून दिली. खुद्द नाशिकमध्ये योग विद्या धामने गेली कित्येक दशकं योग घरोघर नेला. ज्याला आसनं जमतात, रुचतात, त्याने ती सोडून इकडे येण्याची गरज नाही. ज्याची पाठ अडली आहे, त्याने चटईवरून सुरुवात करून पुढे आसनांकडे जायलाही हरकत नाही.

पंचवटीकडे यासाठी लागणारं बरंचसं आधीच आहे. म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ आहे, आडगावला मराठा विद्या प्रसारक समाजाचं वैद्यकीय महाविद्यालय. तालमी आणि मंडळांचे हॉल दुपारी रिकामे पडलेले असतात. २०२७ च्या सिंहस्थात इथले पोलीस, सफाई कामगार, स्वयंसेवक तासन्‌तास पायांवर उभे राहणार आहेत. त्यांच्या पाठीची तयारी आत्तापासून करता येईल. त्यासाठी दहा चटया, एक जाणता शिक्षक आणि आठवड्याचे दोन तास पुरतात. कोणत्याही मंडळाने हे मनावर घ्यावं, आणि घेतलं तर पहिली तुकडी बायकांची आणि साठीपुढच्यांची ठेवावी. तरुणांसाठी तालीम उघडी होतीच, आता यांची पाळी आहे.